चाचीच्या खोलीत

अलिबागकडच्या एका मुसलमान चाचांनी मला सुतारकामासाठी दुबईला नेलं. तिथल्या देरा भागातल्या एका गल्लीत मी त्यांच्याच घरी राहायचो. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. पूर्वज तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी बंद ठेवत, म्हणून गावात आम्हाला शनवार तेली म्हणत. शनिवारी मी रंध्याला हात लावत नसे. चाचांनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता.

मग एका उन्हाळ्यात इस्रायल आणि अरबांची लढाई पेटली. कहव्याच्या दुकानातला रेडिओ दिवसभर ओरडू लागला. मी जवळून गेलो की घोळक्यातलं बोलणं थांबायचं. निदान मला तसं वाटायचं.

"शुक्रवारी आमच्याबरोबर मशिदीत चल. लोकांची तोंडं बंद होतील," चाचा म्हणाले.

चाची आतून बाहेर आल्या. "भीतीपोटी नमाज? नको. माझ्या खोलीत राहू दे त्याला. तिथं परका पुरुष पाऊल टाकणार नाही."

मी त्यांच्या पलंगामागे जमिनीवर बसून राहू लागलो. युरोपात नाझींच्या राज्यात आमचे लोक असेच माळ्यांवर, भिंतींआड लपले होते, हे मी ऐकून होतो. ते मला फार लांबचं वाटायचं. कोकणात आम्हाला कुणी कधी बोट लावलं नव्हतं.

एका दुपारी एक अरब व्यापारी आला. त्याच्या दुकानाची दारं मीच करत होतो.

"वो बढई किधर है? सब बोलते हैं, यहुदी है."

"बंबई गया. खलास," चाचा म्हणाले.

"तो उसकी औजारों की पेटी इधर कैसे?"

त्याची पावलं चाचींच्या खोलीच्या पडद्याकडे येऊ लागली. मी मनगट दातांत धरलं. तेवढ्यात चाचींनी हातातली परात खाली आपटली.

"अंदर औरतें हैं! शरम नहीं आती?"

पावलं थांबली. तो माफी मागत निघून गेला.

लढाई लवकर संपली, पण लोकांच्या मनातली धग गेली नाही. चाचांनी माझं तिकीट काढलं आणि होडीतून आगबोटीपर्यंत स्वतः आले. वाटेत होडीवाल्यानं माझ्याकडे पाहून विचारलं, "ये कौन?"

"हमारा लड़का," चाचा पटकन म्हणाले. मग हळूच मला, "आईला सांग, दोन वेळ पोटभर जेवत होतो. बाकी काही सांगू नकोस."

मी आईला सगळंच सांगितलं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "पडदा उघडला असता, तर त्या बाईचं काय झालं असतं रे?"

तोवर हा प्रश्न माझ्या मनात एकदाही आला नव्हता.