कोरी चिठ्ठी कुणाच्या बाजूची

आमच्या शहाद्याच्या महिला मंडळात नवी बाई घ्यायची तर चिठ्ठ्या टाकतात. ती हवी असेल तर तिचं नाव लिहायचं, नको असेल तर ‘नाही’ लिहायचं. दोन तृतीयांश चिठ्ठ्यांवर नाव निघालं की ती आत. एकदा नाकारली की पुन्हा तिचं नाव सुचवायचं नाही. कोरी चिठ्ठी निघाली तर काय, हे मात्र कुणी कधी ठरवलंच नव्हतं.

मागच्या वर्षी मी एका सिस्टरचं नाव सुचवलं. धडगावहून बदली होऊन आलेली, सरकारी दवाखान्यात नर्स. नवरा, सासर सगळं डोंगरात. घरी आदिवासींची पावरी बोली बोलणारी ही बाई इथं एकटी खोली घेऊन राहत होती. तिचं नि माझं नाव एकच. त्यामुळे तिचं कुरिअर माझ्या दारात आलं आणि ओळख झाली.

“संध्याकाळी खोली खायला उठते हो मावशी,” ती म्हणायची. “चार बायकांत बसायला मिळालं तर राहते. नाहीतर परत बदलीचा अर्ज देते.”

मी छाती ठोकून सांगितलं, “तू आत आलीसच समज.”

बैठकीत पोहे झाले, चिठ्ठ्या पडल्या. अध्यक्षबाई रिटायर्ड मुख्याध्यापिका. दोन वर्षांपूर्वीच मंडळात आल्या, पण चष्मा नाकावर आला की आम्ही सगळ्या चौथीच्या वर्गात बसतो. त्यांनी स्टीलचा डबा उपडा केला, चिठ्ठ्या उलगडल्या आणि वाचून दाखवलं. पंधरा चिठ्ठ्या. नऊ नावं, एक ‘नाही’, पाच कोऱ्या.

“पंधराचे दोन तृतीयांश दहा. एक कमी पडलं. सिस्टरांना घेता येत नाही.”

मी म्हटलं, “कोऱ्या कशाला मोजता? जिनं काही लिहिलं नाही ती आलीच नव्हती असं धरा. मग दहातली नऊ होतात.”

“आली नव्हती कशी? इथं बसून पोहे खाल्ले की तिनं.”

“मग तिचं मत कुठाय?”

“हवी असती तर नाव लिहिलं असतं. लिहिलं नाही, म्हणजे नको.”

माझं डोकं सणकलं. मी उभीच राहिले. “सरळ म्हणा ना, पाच जणींना डोंगरातली बाई शेजारी बसायला नकोय. आणि तसं लिहायची हिंमतही नाही.”

आमच्यात एकाच मोठ्या शेतकरी घरातल्या चार जावा आहेत, सगळ्या साठीच्या पुढच्या, अहिराणी बोलणाऱ्या, कायम एका सतरंजीवर बसणाऱ्या. त्यांतल्या थोरलीनं कप खाली ठेवला. तिचा चेहरा असा झाला होता, जणू मी तिच्या थोबाडीत दिली.

“काय बोली ऱ्हायनात बाई तुम्ही? त्यामा चार चिठ्ठ्या आम्हन्या शेतस. आम्ही हो म्हणीसनच टाक्यात.”

“मग नाव का नाही लिहिलं?”

“ते आम्हनी सासूनं नाव शे. कसं लिखानं?”

बाकीच्या तिघी माना हलवत होत्या. सासूचं नाव त्यांनी जन्मात तोंडानं घेतलं नव्हतं, हातानं कुठून घेणार? तेवढ्यात धाकटी, जिला गप्प बसणं ठाऊकच नाही, हळूच म्हणाली, “तुम्हनी येळे बी आम्ही कोऱ्याच टाकेल व्हत्यात.”

मी मटकन खाली बसले.

म्हणजे तीस वर्षांपूर्वी मला घेतलं तेव्हा. तेव्हाच्या अध्यक्षबाईंनी डब्यात न बघताच ‘सर्वानुमते’ म्हणून टाकलं होतं, त्यात कोऱ्याही होकारात गेल्या. आणि मी, नवी कोरी मास्तरीण, त्या एका शब्दावर हवेत गेले होते. प्रकाश्याला माहेरी अशा थाटात कळवलं की माझे काका आमदारकीचा हार घेऊन यायचे बाकी होते. कडक खळीचं लुगडं नेसून ही बया मंडळात अशी शिरायची, की पंखा सुद्धा हिच्याच परवानगीनं फिरतोय. या चौघी मला कधी नावानं हाक मारत नाहीत, ‘बाई’ म्हणतात, ते माझ्या बी.एड.चा धाक म्हणून, असं मी तीस वर्षं धरून चालले होते. धाक कसला. त्या बिचाऱ्या सासूला टाळत होत्या.

आणि आत्ता मी त्यांनाच भित्र्या म्हटलं होतं.

अध्यक्षबाई मात्र ढिम्म. “मत गुप्त असतं. कोरी माझीच होती असं उद्या कुणीही उठून सांगेल. शिवाय जावा चार, कोऱ्या पाच.”

पाचवी कोण, या विचारानं सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. थोरली अजून माझ्याकडे बघत नव्हती. धाकटीच म्हणाली, “नाव कशाले पाहिजे? बाई एकच शे ना? हो लिखूत, नही लिखूत.”

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. कोरीचा नियम आधी ठरलेला नव्हता, ही चूक मंडळाची, सिस्टरांची नव्हे, असं त्या म्हणाल्या. मग चिठ्ठ्या टाकायच्या आधीच ठरलं: कोरी कुठल्याच बाजूला धरायची नाही. पुन्हा डबा फिरला. तेरा हो, एक नाही, एक कोरी.

मी थोरलीजवळ गेले. ती म्हणाली, “बसा, बाई,” आणि सतरंजीवर सरकली.

संध्याकाळी सिस्टरच्या खोलीवर गेले. ती कुकर लावत होती.

“घेतलं?”

“घेतलं.”

“सगळ्यांनी हो म्हटलं?”

‘सर्वानुमते’ हा शब्द जिभेवर आला होता. गिळला. “नाही. एकीनं नको म्हटलं. तिचं मला काही वाटत नाही, तिनं निदान पेन तरी उघडलं. एक चिठ्ठी कोरी होती. ती कुणाची ते मी शोधून काढते.”

“कशाला शोधता मावशी?” तिनं कुकरची शिट्टी बसवली. “येईलच की माझ्याकडे बीपी मोजायला.”