लाड करणारा पार्सर

आमच्या ऑफिसात प्रोग्रॅम लिहायचे कारकून आणि समजून घ्यायचे मामा. म्हणजे मामांचा पार्सर. लिहिलेली ओळ वाचून 'हिला म्हणायचंय काय' ते कॉम्प्युटरला सांगणारा दुभाष्या. आमची भाषा जुनी आणि महाबिलंदर. एकच शब्द इथे हुकूम, तर पुढच्या ओळीत कशाचं तरी नाव. मामांनी तो पार्सर ऐन तिशीत हाताने, ओळ न ओळ लिहिला आणि पोटच्या पोरासारखा वाढवला. पोटच्या पोरीचं म्हणणं, "बाबांनी त्यालाच जास्त वेळ दिला."

मामांची निवृत्ती जवळ आली तेव्हा साहेबांनी एक हुशार मुलगी आणली. नवी म्हणून तिचं नाव पडलं सूनबाई. भाषेचे नियम दिले की आपोआप पार्सर बनवणारा प्रोग्रॅम तिच्याकडे होता.

"मामा, नियम तेवढे सांगा."

"पुस्तकात आहेत की."

पुस्तकाबरहुकूम पार्सर तयार झाला आणि ऑफिसातले निम्मे प्रोग्रॅम वाचायला त्याने साफ नकार दिला. त्या दिवशी मामा वरमाईसारखे मिरवले.

सूनबाई चिवट. मामांचा पार्सर उघडून तिने त्यांच्याशेजारी खुर्ची टाकली.

"कंस दोनदा बंद केला तरी चालतो?"

"कॅशियरबाई. दार लावून परत ओढून बघायच्या."

"आणि पूर्णविराम नसला तरी?"

"भांडारातले आप्पा. त्यांचं बोलणंही कधी संपायचं नाही."

"म्हणून एवढे लाड?"

"आप्पांशी वाद घालण्यापेक्षा चार ओळी लिहिणं सोपं होतं गं."

ही सगळी मंडळी नियमांत बसवायला तिने जंग जंग पछाडलं. एकाला आत घेतलं की दुसरा अडायचा. माणसं केव्हाच निवृत्त झाली होती, पण त्यांचे प्रोग्रॅम रोज चालत होते. शेवटी तिने साहेबांना सांगितलं, "मामांचाच राहू द्या. मी सांभाळते."

मामा जिंकले आणि त्यांचं तोंडच उतरलं. "माझ्यामागे हे तुझ्या गळ्यात," एवढंच म्हणाले. मग रोज दुपारी दोघं ती जुनी माणसं ओळीओळीने वाचत बसायची. आम्हीही कामं टाकून खुर्च्या ओढायचो. कॅशियरबाई, आप्पा, सगळे पुन्हा ऑफिसात आल्यासारखे वाटायचे.

मामा घरी बसल्याला आता बरीच वर्षं झाली. परवा माझा एक स्वल्पविराम राहिला, तरी प्रोग्रॅम चालला. मी सूनबाईला विचारलं.

"तुमच्यासाठीच चार ओळी घातल्यात पार्सरमध्ये," ती मान वर न करता म्हणाली. "किती वेळा सांगायचं माणसाला?"

मी मामांना फोन करून ही बातमी दिली.

"बिघडली," म्हणाले. "चांगली मुलगी होती."