दाराबाहेरचे बूट

आमचे हे, म्हणजे शिरीष, कुणाच्याही घरी गेले की आधी दाराबाहेरचे बूट बघतात. इथे परदेशात, सेंगकांगच्या उंच इमारतींच्या कॉरिडॉरमध्ये, प्रत्येक दारापाशी चपलांचं रॅक असतं. शाळेचे पांढरे बूट बापाच्या मापाचे दिसले, की आतलं मूल अजून वाढणार, असं ह्यांचं शास्त्र. क्लेमेंटीजवळच्या एका ज्युनियर कॉलेजात हे मुलींना बास्केटबॉल शिकवतात. आठ वर्षांपूर्वी तिथे पाच मुली जमायची मारामार होती. गेल्या वर्षी टीम फायनलला गेली. लोक म्हणतात, सर काय छान शिकवतात. शिकवतात कसले, मुली हेरतात.

आणि मला सोबत नेतात. एकटा पुरुष दारात उभा राहिला तर कोण आत घेईल? मी लाडवांचा डबा घेऊन पुढे, हे मागे. मुलीशी फारसं बोलायचंच नाही. आईला पटलं की काम फत्ते.

ह्यांच्या टीममध्ये सेंटरला खेळणाऱ्या उंच जाईच्या आईला, विनीताला, मीच पटवलं. तिला जाईला दहावीनंतर पुण्याला आजीकडे पाठवायचं होतं, कॉलेजही ठरत आलं होतं. "इथेच राहू दे गं. आम्ही आहोत ना," मी म्हणाले. "जाई आमच्याच घरची." आपल्यात असं म्हणतातच. विनीताने ते खरं मानलं आणि माझा डबा चिवड्याने भरून परत केला.

सप्टेंबरात जाईच्या बाबांची वन-नॉर्थ भागातल्या कंपनीतली नोकरी गेली. कामाचा पास रद्द, तीस दिवसांत देश सोडायचा. मुलीचा इथे राहायचा पासही त्यांच्याच पासावर अवलंबून. पुण्यात अकरावी सुरू होऊन दोन महिने झाले होते, म्हणजे पोरीचं वर्ष गेलंच.

हे खूप धावले. प्रिन्सिपलना भेटले, जाईला वेगळा स्टुडंट पास मिळावा म्हणून अर्ज केला, इथले पालक म्हणून आमची नावं घातली. विसाव्या दिवशी उत्तर आलं, नामंजूर. कारण दिलं नव्हतं. "अजून कोणाला विचारू, सांग ना," हे म्हणाले. लाडू देऊन उघडेल असं ते दार नव्हतं.

निरोप द्यायला गेलो. जाई खोक्यांमध्ये बसली होती. "सर, इट्स ओके लाह," ती इथल्या पोरांच्या ढंगात म्हणाली. "माझ्या जागी सेंटरला आपल्या टीममधल्या उल्काला खेळवा."

विनीताने माझा राहिलेला डबा आणून दिला. हातात घेतला तेव्हा कळलं, रिकामा आहे. घासलेला, पुसलेला, झाकण लावलेला. दुसऱ्याचा डबा रिकामा देत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. हे तिला चांगलं ठाऊक होतं. मला रडू आलं.

लिफ्टची वाट बघताना ह्यांची नजर शेजारच्या रॅकवर गेली. पांढरे बूट, लांबलचक. त्यांनी मान फिरवली, मग पुन्हा बघितलं. "रविवारी येऊया?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुम्ही खुशाल या," मी म्हणाले. "आमच्याच घरची, हे मला आता म्हणता येणार नाही."

लिफ्ट आली तरी ते तिथेच उभे होते. माझ्याशिवाय त्यांना आत कोण घेणार, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.