सर्व्हरमधली माझी खुर्ची

आधी चहा संपवा, मग सांगतो. मागच्या वेळी ऐकताना एकाला ठसका लागला होता.

दारव्ह्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मी कारकून होतो. वजनकाट्यावरच्या पावत्या माझ्याकडे. सर्व्हर आला तेव्हा त्याच्या सेटिंगही माझ्याकडेच आल्या. का, तर मी इंग्रजी पेपर वाचायचो. एका सेटिंगमध्ये विचारलं होतं, एका वेळी किती माणसं आत घ्यायची? मी खोलीतल्या खुर्च्या मोजल्या आणि सहा टाकले. दुसऱ्यात विचारलं, माणूस काहीच करत नसेल तर किती वेळाने बाहेर काढायचा? आमच्याकडे चहाला गेलेला माणूस परत कधी येतो, हे कोणी सांगावं? मी शून्य टाकलं. म्हणजे कधीच काढू नका. ऑफिस माझ्यावर जाम खूश.

पुढे निवृत्त झालो. निरोपाच्या दिवशी ‘बाहेर पडा’च्या बटणापर्यंत बोट गेलं, पण दाबवलं नाही. तसाच उठलो.

त्यानंतर रोज दहा वाजले की पाय आपोआप चपलेत.

“कुठी चालले?” बायको विचारायची.

“कुठी नाही.”

“मंग चपला काहून घातल्या?”

फाट्यावरून काळीपिवळी जीप हॉर्न देत दारव्ह्याला जायची. मी फोनचा आवाज वाढवून अंगणात बसायचो.

आणि हंगामाच्या तोंडाशी फोन आला. इतके दिवस रिकाम्या राहिलेल्या माझ्या जागेवर त्याच सकाळी रुजू झालेल्या राठोडबाई.

“काका, या ना लवकर. कापसाच्या गाड्या फाटकात उभ्या हायेत, पावती निघून नाही राह्यली. तुमच्याबिगर होत नाही.”

तुमच्याबिगर! हे बायकोला दोनदा ऐकवलं. इस्त्रीचा शर्ट चढवला. जीपच्या ड्रायव्हरलाही ऐकवलं.

ऑफिसात राठोडबाईंनी उठून मला माझी जुनी खुर्ची दिली.

“काय अडलं, बाई?”

“सर्व्हर मले आत घेत नाही. म्हणते, सहा झाले.”

“तुमच्यासकट तर सहा.”

“मंग पाहा बरं, आत कोण बसून हाय ते.”

पाहिलं. मीच होतो. निरोपाच्या दिवसापासून, हार घालून.

“काढाचा पासवर्ड तुमच्याच जवळ हाय,” बाई हळूच म्हणाल्या, “म्हणून बलावलं.”

मागचे पाच जण खिडकीबाहेर पाहू लागले. मी पासवर्ड टाकला, माझ्या नावावर बोट ठेवलं. यंत्राने विचारलं, नक्की काढायचं? फाटकात गाड्या उभ्या होत्या. हो म्हटलं आणि उठलो.

बाई बसल्या. पहिली पावती निघाली.

“काका, बसा ना, चहा सांगते.”

मी इकडेतिकडे पाहिलं. खुर्च्या सहाच होत्या. मीच तर मोजल्या होत्या.