मंदआच काकांची शेवटची टाकी

कारखान्यात माझ्या काकांना सगळे ‘मंदआच’ म्हणत. स्टेनलेस स्टीलच्या दुधाच्या टाक्यांना वेल्डिंग करायचं काम, पण मशीनचा करंट वाढवायचा म्हटलं की हे मागे सरायचे. नवखे असताना जास्त करंटनं पत्र्याला भोक पाडलं होतं म्हणे. दुधानं तोंड पोळलं, मग जन्मभर ताक फुंकून पिणं आलं. जोड मात्र असा सोनेरी उतरायचा की बघत राहावं. काकू त्याच शेडमध्ये पॉलिशच्या चाकावर. दिवसभर नवऱ्याचा सोनेरी रंग घासून काढायचा आणि घरी आल्यावर त्याच्याच तोंडून त्याचं कौतुक ऐकायचं! कॉलेजात असताना मी त्यांच्याकडे राहायचे. दुपारचा डबा मीच पोचवायचे. ते दिवस आठवले की अजून जीव कासावीस होतो. दोघंही आता नाहीत.

निवृत्तीआधी शेवटची टाकी आली ती नेमकी जाड पत्र्याची. काकांना ती आपल्याच हातून व्हायला हवी होती. आधी नमुन्याचा तुकडा जोडून प्रेसखाली वाकवायचा, टिकला तरच टाकी मिळणार. काकांनी सवयीच्या कमी करंटवर जोड मारला. वरून नुसता दागिना! प्रेस खाली आला आणि दागिना कट्कन तुटला. आत खोलवर पत्रा वितळलाच नव्हता.

“आणखी एक तुकडा देतो,” मुकादम म्हणाला. “नाही जमलं तर टाकी दुसऱ्याला.”

काका डब्यासमोर फुगून बसले.

“करंट वाढवा थोडा,” काकू म्हणाल्या.

“जोड काळानिळा पडेल. पत्रा वेडावाकडा होईल.”

“जाळा असं कुठं म्हणतेय मी? वाढवा, आणि हात एका जागी रेंगाळू देऊ नका. रंगाचं मी बघते, जोडाचं तुम्ही बघा.”

काकांनी बटण फिरवलं. जोड निळसर आला, तसं त्यांचं तोंड कडू झालं. पण प्रेसखाली तुकडा पार दुमडला, तरी भेग म्हणून पडली नाही.

टाकी पुरी झाली. काम कुणाचं ते कळावं म्हणून कारखान्यात वेल्डर आपल्या खुणेचा ठसा जोडाशेजारी ठोकतो. पॉलिशवाल्यांना ठसा नसतो. काकांनी ठसा आणि हातोडी काकूंपुढे धरली.

“तू ठोक.”

“अहो, मी कशाला?”

“ठोक म्हणतो ना!”

काकूंनी ठोकला. वाकडा उमटला.

“घासून टाका, परत ठोकू,” मुकादम हसत म्हणाला.

काकूंनी बाजूला फिरत असलेलं पॉलिशचं चाक बंद केलं.

“आयुष्यभर सगळं घासतच आले,” त्या म्हणाल्या. “हे नाही घासणार.”