कापसातली बाळंतीण

त्या वर्षी दिवाळीपासून आमच्या पुढच्या खोलीत कापूस होता. आज विकू, उद्या विकू करता करता होळी जवळ आली. पहिला महिना तो ढीग पाहून माझी छाती फुगायची, नंतर अंगावर फोड फुगू लागले. घरातल्या कापसाची खाज ज्याने भोगली त्यालाच ठाऊक. एका हाताने घास आणि दुसऱ्याने पाठ, अशी माझी जेवणं चालायची. शेवटी बायकोने बजावलं, "सोमवारलोंग कापूस नही ग्या, ते मी माहेर जासू."

मी तळोद्याच्या व्यापाऱ्याला फोन केला. सोमवार ठरला. आणि शनिवारी सकाळी एक कुत्री त्या ढिगात व्यायली.

ही कुत्री आमची नव्हती, हे मी ठासून सांगतो. ती फक्त आमच्या ओट्यावर झोपायची, आमची भाकरी खायची आणि आमच्याच पाहुण्यांवर भुंकायची. पिल्लं पाच. चार गुबगुबीत, पाचवं काळं, बाकीच्यांच्या निम्मं. भावंडं त्याला ढकलून द्यायची, त्याची आई नाकाने पुन्हा पोटाशी आणायची. परत ढकललं, परत आणलं. बघून बघून मी दमलो, ती दमली नाही.

"हाई जगी का नही, देवले ठाऊक," असं म्हणून बायको शिरा भाजायला गेली. आमच्याकडे कुत्री व्याली की तिला गुळाचा शिरा घालतात. वरून तूप सोडून! मला तूप सोडलेला शिरा श्रावणात एकदा मिळतो.

"अन् सोमवार?" मी विचारलं.

"बाळंतीन शे ती. पाच दिन तिले हालवानं नही."

"अन् तुन्ही खाज?"

"ऱ्हाऊ द्या ती खाज."

आता बोला! जिच्यापायी चार महिने मी बोलणी खाल्ली, ती खाज एका कुत्रीसाठी माफ.

पण मीही काही कच्चा नाही. सोमवारी बायको मळ्यात मेथी खुडायला गेली आणि तेवढ्यात व्यापारी दोन हमाल घेऊन, टेम्पोसह दारात आला. मी शिऱ्याची थाळी अंगणात ठेवली. कुत्री खायला बाहेर पडताच घमेल्यात पिल्लं भरली आणि गोठ्यात गोणपाटावर नेऊन ओतली. चार दिसत होती. काळं त्यांच्याखाली असणार, असं मी स्वतःला सांगितलं. उचकून बघायला वेळ कोणाला होता?

कुत्रीला गोठ्यात नेलं. तिने पिल्लं हुंगली आणि सरळ खोलीकडे धावली. मी हाकललं, ती परत आली. तोपर्यंत जवळजवळ सगळा ढीग टेम्पोत गेला होता आणि एक हमाल वर चढून पायाने कापूस खुंदत होता. कुत्रीने टेम्पोतच उडी घेतली आणि त्याची पँट धरली.

"भाऊ, तुम्हनी कुत्रीले उतारा! मन्हा पाय धरी ऱ्हायनी!"

"मन्ही नही शे ती!" मी ओरडलो. आणि मऊ गादीची चटक लागली की बाळंतिणी कशा शेफारतात, यावर व्यापाऱ्यापुढे व्याख्यान सुरू केलं. ते ऐन रंगात आलं असताना बायको आली. पिल्लांची कुईकुई ऐकून, मेथी खाली ठेवून ती गोठ्यात डोकावली.

"ओ, पाचवं कोठे शे?"

"व्हई ना खाले..."

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हमालाला हात दाखवला. "थांब रे भाऊ! पाय खाले टेकू नको!"

तो बगळ्यासारखा एका पायावर उभा राहिला. आम्ही सगळे टेम्पोवर चढलो आणि मूठ मूठ कापूस उपसू लागलो. व्यापारीसुद्धा. कुत्री मात्र कोणाकडे न बघता एकच कोपरा खणत होती. खणता खणता थांबली, आणि तिच्या तोंडात काळी चिंधी लोंबताना दिसली.

"जित्तं शे का?" बायकोने विचारलं.

कुत्रीने ते खाली ठेवलं. चाटलं, उलटं केलं, पुन्हा चाटलं. किती वेळ! मग चिंधीतून बिजागरी करकरावी तसा एवढासा आवाज आला. हमालाने दुसरा पाय टेकला.

पिल्लू तोंडात धरून कुत्री उतरली, गोठा ओलांडून थेट पुढच्या खोलीत गेली. तिथे आता उघडी फरशी. ती मधोमध उभी राहून माझ्याकडे बघत राहिली.

"देखी काय ऱ्हायनात? कापूस लया," बायको म्हणाली.

मी व्यापाऱ्याकडे वळलो. तोंड उघडायच्या आधीच त्याने कापसाचं एक गाठोडं माझ्या अंगावर टाकलं. "लई जा भाऊ, लई जा."

इतके महिने जो कापूस घराबाहेर काढायला मी तळमळत होतो, तो मी स्वतःच्या हाताने आत नेऊन पसरला. काळ्याला त्यात निजवून कुत्री गोठ्याकडे निघाली, एकेक करून बाकीची चार आणायला. खोलीचं दार आपोआप लोटलं जातं, म्हणून मी ते धरून उभा. मागे ओट्यावर बायको हमालांना उरलेला शिरा वाढत होती.

"नीट धरा ते दार," ती तिथूनच ओरडली, "तिले धक्का नको लागाले."