शेवटच्या उंटाच्या वाट्याचं पाणी

भाषा घडायला शतकं लागतात. तिच्यामागे अख्ख्या समाजाचं जगणं उभं असतं. आमची भाषा जयपूरच्या झालान्यातल्या एका दुमजली इमारतीत चौघांनी सात महिन्यांत घडवली, आणि त्यातला एक महिना एसी दुरुस्त करणाऱ्याची वाट पाहण्यात गेला. ती बोलायची भाषा नव्हती. संगणकावरचे खेळ बनवणारे लोक तिच्यात प्रोग्राम लिहायचे. आम्ही राहायचो त्या सोडाल्यातल्या शेजारणींना आई सांगायची, "तो भाषा का कुछ करता है," आणि त्या मला हिंदीचा मास्तर समजायच्या.

ही भाषा वापरणारा स्टुडिओ एकच होता, जयपुरातलाच. तो गेला तर कंपनी बंद. मालकांनी तसं कधी म्हटलं नव्हतं, पण चार माणसांच्या कंपनीत ते सांगावं लागत नाही.

मालकांचा एक रिवाज होता. भाषेची नवी आवृत्ती निघाली की सगळ्यांना उभं करून ते बदलांची यादी दवंडी पिटल्यासारखी वाचायचे. त्या सोमवारी त्यांनी माझा बदल वाचला, "आज से शून्य से भाग देना अपराध माना जाएगा." मी नुसतं 'चूक' लिहिलं होतं. लाडू वाटले गेले. तोवर कुणी शून्याने भागलं तर आमची भाषा मुकाट्याने शून्य उत्तर द्यायची. गणित शिकलेल्या माणसाला हे सहन होत नाही, आणि मी गणित शिकलो होतो. आता तसं कुणी केलं तर प्रोग्राम तिथल्या तिथे बंद पडणार होता.

गुरुवारी स्टुडिओच्या बाई त्यांचा तयार झालेला खेळ दाखवायला आल्या. पुढचा खेळही आमच्याच भाषेत करायचा की नाही, हे त्या दिवशी ठरणार होतं. मालकांनी सिव्हिल लाइन्समधल्या एका निवृत्त अधिकाऱ्यांना बोलावलं होतं. साफा, हार, दीपप्रज्वलन. खेळ त्यांच्याच हस्ते खेळला जाणार होता.

पडद्यावर सात उंटांचा तांडा वाळवंटात निघाला. कोपऱ्यात एक आकडा होता: प्रत्येक उंटाच्या वाट्याला किती पाणी. एकूण पाणी भागिले उंट. माझ्या हातातला चहा तसाच राहिला. वर्षापूर्वी बाईंनी मला विचारलं होतं, सगळे उंट मेले तर काय? मी म्हणालो होतो, "कुछ मत कीजिए मैडम, भाषा संभाल लेगी."

दोन मिनिटांत पहिला उंट बसला.

"बैठ गया," साहेब म्हणाले.

"मर गया, सर," बाई म्हणाल्या.

"अच्छा. मुझे लगा आराम कर रहा है."

मालकांच्या कानात सांगावं, तर ते पहिल्या रांगेत माइक धरून बसलेले. उरले चार. प्रोजेक्टरची वायर माझ्यापासून दोन पावलांवर होती. पाय लागून निघाली असं म्हणता आलं असतं, पण पाय हलेना. उरले दोन. बरोबरच्या तिघांनीही सोमवारी टाळ्या वाजवल्या होत्या. ते आता शांतपणे समोसे खात होते. मग एकच उरला. साहेबांना रस वाटायला लागला होता. "इसको तो बचा के दिखाऊंगा," ते म्हणाले आणि त्याला सरळ वादळात घेऊन गेले. कुठल्याही प्राण्याच्या आयुष्यासाठी मी इतकी प्रार्थना केलेली नाही.

तो पडला. मी डोळे मिटले.

टाळ्या ऐकून उघडले. कोपऱ्यात 'पाणी : शून्य' असं आलं होतं आणि वर सूर्य मावळत होता. मालकांनी उठून आमच्या भाषेच्या सामर्थ्याबद्दल चार वाक्यं सांगितली.

नंतर मी बाईंना गाठलं आणि आवाज जमेल तितका सहज ठेवून विचारलं, सोमवारची आवृत्ती कशी वाटली?

त्यांनी आठवून पाहिलं. "भैया, हमारे यहां तो वही चल रही है जो आपने पहले दिन दी थी. ठीक चल रही है, तो क्यों छेड़ें?"

पुढच्या खेळासाठीही त्यांनी तीच मागितली. तोवर आम्ही अकरा आवृत्त्या काढल्या होत्या.